टायमिंग चेन ‘आयुष्यभराची’ नसते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुनी मोटार घेताना काय पाहावे, याविषयी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. कागदपत्रे, टायर, रंग यांविषयीचा त्यातील सल्ला उपयुक्त आहे. मात्र इंजिनात व्हॉल्व्हची (झडपांची) उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवण्यासाठी रबरी पट्ट्याऐवजी टायमिंग चेन असेल तर त्या बाजूने काळजी नाही, अशा आशयाचे जे वाक्य त्यात आहे, त्याला हरकत घेण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. एस. टी.च्या कार्यशाळेत नोकरी आणि निवृत्तीनंतर सांगलीतील एका गॅरेजमध्ये मोटारींचे काम, एवढा माझा अधिकार. (बसच्या मोठ्या इंजिनांत हे काम दातेरी चाकेच करतात, त्यामुळे चेनची दुखणी मी उतारवयातच शिकलो, हेही कबूल करतो.)

पट्टा अमुक किलोमीटरनंतर बदलावा, असे कंपनीच्या पुस्तिकेत छापलेले असते म्हणून तो बदलला जातो. चेनपुढे बहुतेक पुस्तिकांत असा आकडाच नसतो, आणि आकडा नाही याचा अर्थ ‘कधीच बदलावी लागत नाही’ असा विक्रेत्यापासून मालकापर्यंत सगळेच लावून घेतात. वास्तविक क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) बरोबर एक फेरी घडवून व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळती ठेवणारी ही चेन दुचाकीच्या चेनसारखीच झिजते. आपण ‘चेन ताणली’ म्हणतो खरे, पण पोलाद काही लांबत नाही. प्रत्येक कडीतील पिन आणि बुश किंचित झिजतात, आणि दीडशे कड्यांत प्रत्येकी दोन शतांश मिलिमीटर झीज झाली तरी चेन तीन मिलिमीटरने लांब होते. दुचाकीचे मागचे चाक मागे सरकवून आपण ही ढिलाई काढतो. इंजिनातील चेनला ती सोय बाहेरून नसते. तेथे बहुतेक गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर चेनला ताण देत राहतो, आणि त्याच्या दट्ट्याची चाल संपली की पुढची ढिलाई तशीच राहते.

म्हणूनच या दुखण्याची पहिली खूण सकाळी ऐकू येते. रात्रभर उभ्या गाडीत टेन्शनरमधील ऑइल उतरलेले असते, त्यामुळे सेल्फ मारल्यावर पहिले दोन-चार सेकंद पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तशी खळखळ होते आणि ऑइलचा दाब चढला की ती थांबते. इंजिन गरम झाल्यावर तीच गाडी गुणी बाळासारखी चालते, आणि जुन्या गाडीचा विक्रेता गिऱ्हाइकाला दाखवतो ती नेमकी गरम करून ठेवलेली गाडी. माझ्या पुतण्याने अशीच एक पेट्रोल गाडी घेतली. सकाळचा आवाज टॅपेटचा आहे असे सांगून एका गॅरेजने व्हॉल्व्हची फट जुळवली, आवाज राहिला तेव्हा जाड ऑइल भरून दिले. वस्तुतः जाड ऑइल थंड इंजिनात टेन्शनरपर्यंत आणखी उशिरा पोहोचते. काही महिन्यांनी कराडच्या अलीकडे महामार्गावर गाडी बंद पडली, आणि मदतीला आलेल्याने ती सुरू करण्यासाठी पुन्हा पुन्हा सेल्फ मारला. चेन दात सोडून सरकली होती. हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवले तेव्हा पिस्टनवर आपटून वाकलेले व्हॉल्व्ह हाती आले. चालती गाडी एकाएकी बंद पडून सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा हलके, भरभर फिरू लागले, तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) गेल्याची शक्यता धरावी आणि पुन्हा सेल्फला हात न लावता गाडी ओढून न्यावी, एवढे त्या मदत करणाऱ्याला कोणी सांगितले असते तर खर्च कदाचित निम्म्यावर आला असता.

प्रत्येक खळखळ चेनचीच असते असेही नाही. अल्टरनेटरचे बेअरिंग, पाण्याचा पंप किंवा बाहेरच्या पट्ट्याची पुली यांचे आवाज इंजिनाच्या त्याच बाजूने येतात. बाहेरचा पट्टा काढून इंजिन केवळ काही सेकंद चालवले आणि आवाज तसाच राहिला, तर संशय चेन झाकणाऱ्या टायमिंग कव्हरच्या आत न्यावा. चेक लाइट लागला असेल तर स्कॅनर लावून पाहावे. पी ००१६ किंवा पी ००१७ हे कोड क्रँक आणि कॅम यांचा मेळ सुटल्याचे सांगतात. अनेक ठिकाणी अशा वेळी सेन्सर बदलून, कोड पुसून गाडी परत दिली जाते आणि आठवड्याने दिवा पुन्हा लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जवळचा आहे. पुण्याजवळ रांजणगावला पूर्वी तयार होत असलेले फियाटचे १२४८ सीसीचे १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन चेनवरच चालते, आणि टाटा व मारुतीच्या ज्या गाड्यांत ते बसत होते त्या २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यापासून केवळ जुन्या बाजारातच मिळतात. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते, आणि बारीक पॉलिश पेपरने घासावे तशी ती पिन-बुश घासते. त्यामुळे ऑइल वेळेवर बदललेली आणि जुन्याच ऑइलवर रेटलेली अशा दोन सारख्या गाड्यांच्या चेनमध्ये मला जमीन-अस्मानाचा फरक दिसला आहे.

चेन बदलायची वेळ आली तर ‘फक्त चेन टाका, बाकी चालेल’ हा आग्रह मालकांनी सोडावा. टेन्शनर आणि चेनला मार्गावर ठेवणारे गाइड चेनसोबतच बदलावेत, आणि दात झिजून टोकदार झाले असतील तर स्प्रॉकेटही (चेनची दातेरी चाकेही). जुन्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. तुटलेल्या प्लास्टिक गाइडचे तुकडे तळाच्या ऑइलच्या चेंबरमध्ये पडून ऑइलची जाळी बुजवतात, म्हणून चेंबर उतरवून तीही पाहावी. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासणारा कारागीर मिळाला, तर त्याची मजुरी थोडी जास्त असली तरी घासाघीस करू नये.

राहिला कंपन्यांचा भाग. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी जे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. टेन्शनरचा दट्ट्या किती बाहेर आल्यावर चेन बदलावी, आणि किती किलोमीटरनंतर तिची तपासणी व्हावी, हे आकडे प्रत्येक कंपनीने तेथे व मालकाच्या पुस्तिकेत मराठीतही छापावेत, अशी मागणी आपल्या दैनिकाने लावून धरावी, ही विनंती. तोवर जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने विक्रेत्याला आदल्या रात्री फोन करून ‘सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका’ असे बजावावे आणि पोहोचल्यावर आधी बॉनेटवर तळहात ठेवून ते थंड आहे ना, हे पाहावे.

आपला,
एक निवृत्त यंत्र कारागीर, सांगली