माड माजघरात मावत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत वादळवाऱ्यात बागेची काळजी कशी घ्यावी यावर अर्धं पान खर्ची पडलं आहे. कुंड्या आत घ्या, टांगलेल्या टोपल्या उतरवून ठेवा, उंच झाडांना काठीचा आधार द्या. वाचून धन्य झाले. आमची 14 गुंठ्यांची वाडी आहे, माडा-पोफळींची, म्हणजे नारळी-सुपारीची बाग. त्यातल्या 40 फुटी पोफळी वादळाच्या आदल्या रात्री ओटीवर आणून ठेवायच्या की पडवीत, एवढं लेखकांना विचारून कळवावं. माडांचं मी बघते, पण ते माजघरात मावतील असं वाटत नाही.

लेखकांची टिंगल करायची नाही. बाल्कनीतली बाग हीही बागच. माझ्या लेकीकडे ठाण्याला बाराव्या मजल्यावर सात कुंड्या आहेत आणि जास्वंदीची फांदी मोडली तर ती मला रात्री फोन करते. तिला हा लेख उपयोगी पडेल, पडो. पण चौथी सूचना वाचली आणि माझा चहा निवला. पडलेली झाडं एका कोपऱ्यात कुजू द्यावीत, उत्तम खत होतं, असं तुम्ही छापलं आहे. अहो, माडाचं खोड कुजत ठेवलं की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. अळ्या त्याच कुजक्या खोडावर पोसतात, आणि भुंगा झाला की तो शेजारच्या धडधाकट माडाच्या शेंड्यात, कोवळ्या सुरळीत शिरतो. मग पुढचं चुडत, म्हणजे झावळी, उलगडतं ते कुणी कात्रीने त्रिकोण कापून घेतल्यासारखं. कुंडीतला गुलाब खुशाल कुजवा. माड कुजवू नका.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. 2020 च्या पावसाळ्यात आमच्या पंचक्रोशीत वाडीवाडीत पडलेली खोडं तशीच राहिली होती. टाळेबंदी, गडी मिळेना, लाकूड कापायच्या मशीनला एकाच वेळी सगळ्या गावाचं बोलावणं. पुढल्या वर्षी जे माड वादळातून वाचले होते त्यांना भुंग्याने गाठलं.

3 जून 2020. ‘निसर्ग’ चक्रीवादळ. नाव बांगलादेशने सुचवलेलं होतं, त्यामुळे त्याबद्दल तुम्हाला बोल लावत नाही. पण त्याआधी दोन दिवस सगळीकडे एकच वाक्य होतं: अलिबागच्या दक्षिणेला धडकणार. अलिबागच्या दक्षिणेला मुरूड आहे, दिवेआगर आहे, श्रीवर्धन आहे, हरिहरेश्वर आहे, आणि या सगळ्यांत माणसं राहतात. आठ-दहा दिवसांनी कुणाच्या तरी सामानाला गुंडाळून त्या आठवड्यातलं एक वर्तमानपत्र घरात आलं. वर मोठ्या अक्षरांत, मुंबई बचावली. बचावली याचा आनंदच आहे, नातवंडं तिकडेच आहेत. पण आमच्या घरावर तेव्हा कौलं नव्हती आणि वीज कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, तेव्हा तो आनंद जरा उशिराने झाला.

लेखक म्हणतात, वाऱ्याची दिशा पाहून झाडाला आधार द्या. कोणती दिशा? त्या दिवशी सकाळपासून वारा डोंगराकडून येत होता. पोफळी समुद्राकडे इतक्या वाकत होत्या की शेंडे गडग्याला टेकतात की काय असं वाटावं, आणि पुन्हा उभ्या राहत होत्या. पोफळ लवचीक असते, मांडीएवढं खोड पण धनुष्यासारखं वाकतं. दुपारी वारा एकाएकी पडला. भाऊजी दार किलकिलं करून म्हणाले, “गेलं वाटतं वहिनी.” चुलीवर भात ठेवायला मी उठले, तेवढ्यात तो समुद्राकडून आला. त्याच वादळाची दुसरी बाजू. सकाळभर एकीकडे वाकून मुळं सैल झालेली झाडं आता उलट्या बाजूने ओढली गेली, आणि मग मात्र ती उभी राहिली नाहीत. पोफळ बहुतेक वेळा मुळातून उपटत नाही, मधेच तुटते. फटाका लागावा तसा आवाज येतो. सुरुवातीला मी मोजत होते. बाविसाव्या आवाजानंतर मोजायचं सोडलं आणि देवापाशी जाऊन बसले.

212 पोफळी होत्या, मामंजींनी आणि नंतर आमच्या ह्यांनी लावलेल्या. दुसऱ्या दिवशी उभ्या होत्या 68. वाडीत जायला वाट नव्हती. आडव्या खोडांवरून चढत-उतरत विहिरीपर्यंत पोचायला अर्धा तास लागला, एरवी दोन मिनिटांचं अंतर. मागच्या पडवीतून कधीही न दिसलेला समुद्र त्या दिवशी दिसला. पर्यटकांना ‘सी व्ह्यू’ असला की बरं वाटतं म्हणे.

पण पत्र लिहायला बसले ते वादळाबद्दल नाही, पंचनाम्याबद्दल. वारा काय, तो कुणाचं ऐकत नाही. पंचनाम्याला आलेले गृहस्थ ऐकण्याच्या अंतरावर होते.

बिचारे चिखलातून आले होते, पायात चपला नव्हत्या, कोकम सरबत दिलं ते एका दमात प्यायले. मोजणीही नीट केली. शेवटी राहिले सात माड, ज्यांचे शेंडे वाऱ्याने पिळवटून खाली लोंबत होते. खोड सरळ, वर काही नाही. ते म्हणाले, “काकू, झाड उभं आहे ना? मग पडलेल्यात कसं धरू?” भाऊजींनी समजावलं की माडाला एकच शेंडा असतो, तो गेला की माड गेला, आंब्यासारखा बाजूने फुटत नाही. गृहस्थांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. “रकान्यात ‘पडलेली’ असंच आहे हो.” त्यांचं तरी काय चुकलं? रकाना त्यांनी आखला नव्हता. गणपतीपर्यंत त्या सातही माडांचे नुसते खांब झाले, सुतारपक्ष्यांनी भोकं पाडली. कागदावर ते अजून उभे असतील, नारळही देत असतील.

आणि भरपाई. आधी हेक्टरी जाहीर झाली, बागायतीला 50 हजार, दोन हेक्टरपर्यंत. पूर्वी 18 हजार होते त्या मानाने भरघोस, असं तेव्हा सगळे म्हणत होते. हेक्टर! आमच्याकडे वाडी गुंठ्यांत असते आणि सातबाऱ्यावर नावं डझनाने. 14 गुंठ्यांचे होतात सात हजार, त्याला भागिले सहा वारस, त्यातले दोघे परदेशात, एकाची सही मिळेना. बरीच ओरड झाली तेव्हा झाडागणिक दर आला: माडाला 250 रुपये, पोफळीला 50. पोफळ लावली की सहा-सात वर्षं पाटाचं पाणी द्यायचं, तेव्हा कुठे ती पोय, म्हणजे फुलोरा, टाकते, आणि पुढे चांगली तीसेक वर्षं घर चालवते. एका पोफळीची एका हंगामाची सुपारी 50 रुपयांत कुठे मिळत असेल तर पत्ता कळवा, मीच घेऊन ठेवते. पडलेली पोफळ तोडून गडग्याबाहेर ओढायची मजुरीही त्यात निघाली नाही.

तुमच्या लेखात वादळानंतरची काळजी दोन ओळींत उरकली आहे, म्हणून सांगते. 144 पोफळी गेल्यावर उरलेल्या 68 वर थेट ऊन आलं. जन्मभर एकमेकींच्या सावलीत वाढलेल्या त्या. पोफळीचं हिरवं खोड दुपारनंतरच्या उन्हाने भाजतं, आधी पिवळा डाग, मग काळा, मग चीर, आणि वर्ष-दोन वर्षांनी एखाद्या साध्या वाऱ्यात तिथूनच मोडतं. वादळाने मारलेल्या दिसतात, उन्हाने मारलेल्या कुणी मोजत नाही. आम्ही खोडांना दक्षिण-पश्चिमेच्या बाजूने वाळकी चुडतं बांधली. शिडीवर चढून मी स्वतः बांधली, वयाच्या 63 व्या वर्षी. असलं काही छापा की. श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, तिथे फोन लागतो. पुण्यातून बसून सगळ्या महाराष्ट्राच्या बागांना काठीचा आधार कशाला देता?

लिहितेच आहे तर आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली ‘कोकणातील पोफळीची बाग’ असं छापलं आहे. फोटोत माड आहेत. नारळ लोंबताना स्पष्ट दिसतायत, चष्मा न लावताही. शिवाय 2021 च्या वादळाचं नाव वरच्या परिच्छेदात ‘तौक्ते’ आणि खालच्या चौकटीत ‘ताउते’. म्यानमारने दिलेलं नाव, अर्थ पाल. त्या वादळाने आमचं ‘निसर्ग’मधून उरलेलं छप्पर नेलं, तेव्हा त्याला निदान एका नावाने शिव्या देता याव्यात.

मागच्या वेळी माझ्या पत्राची कात्री लावून चार ओळी केल्या होत्यात आणि नेमका पंचनाम्याचा भाग गाळला होतात. या वेळी कापायचंच असेल तर ठाण्याच्या कुंड्या कापा.

आपली जुनी वाचक,
एक वाडीवाली, दक्षिण रायगड
(नाव छापू नये, भाऊजी रागावतील)

ता. क. कालच्याच अंकातल्या शब्दकोड्यात ‘सुपारीचे झाड, तीन अक्षरे’ असं होतं. म्हणजे तुमच्या कार्यालयात ते माहीत असलेलं एक माणूस तरी आहे. फोटो पुढच्या वेळी त्यांना दाखवून घ्या.