रविवारी बंद असलेले चॅपेल आम्हाला का विकले?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : लंडन सहलीतील विंडसर कॅसलच्या दिवसाबद्दल तक्रार

महोदय,

गेल्या मे महिन्यात मी आई-बाबांना घेऊन आपल्या कंपनीच्या लंडन सहलीला गेले होते. विमान, हॉटेल, जेवण यांबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार एकाच दिवसाची आहे, पण त्या दिवसासाठीच आम्ही चार कंपन्यांची माहितीपत्रके बाजूला ठेवून आपली निवड केली होती.

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आपल्या माहितीपत्रकात विंडसरच्या पानावर दोन गोष्टी ठळक छापल्या आहेत : पहारा बदलण्याचा सोहळा आणि सेंट जॉर्जेस चॅपेलमधील राजघराण्याच्या समाध्या. पोपशी नाते तोडणारा आठवा हेन्री आणि १६४९ मध्ये शिरच्छेद झालेला पहिला चार्ल्स त्या चॅपेलमध्ये एकाच फरशीखाली पुरलेले आहेत. बाबांनी हे वर्गात किती वेळा सांगितले असेल! ती फरशी एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढीच त्यांची इच्छा होती. आईला राणी एलिझाबेथ यांची समाधी पाहायची होती.

आपण आम्हाला तिथे रविवारी नेले.

रविवारी ते चॅपेल पर्यटकांसाठी बंद असते. त्या दिवशी तिथे फक्त उपासना होते. पहारा बदलण्याचा सोहळाही रविवारी नसतो. तो मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी अकरा वाजता होतो. हे काही ऐन वेळी घडलेले नाही. हे ठरलेले वार आहेत आणि वर्षानुवर्षे तिथे सहली नेणाऱ्या कंपनीला ते ठाऊक नसतील, हे मला पटत नाही. मंगळवारी आणि बुधवारी कॅसलच बंद असतो, हेही मान्य. पण आमच्या कार्यक्रमात गुरुवारचा पूर्ण दिवस लंडनमध्ये खरेदीसाठी मोकळा ठेवला होता. या दोन दिवसांची अदलाबदल केली असती, तर माहितीपत्रकातले सगळे दाखवता आले असते. मला सगळ्यांत जास्त त्रास याच गोष्टीचा होतो.

चॅपेल बंद आहे हे आम्हाला आपल्या टूर मॅनेजरकडून नाही, तर दाराशी उभ्या असलेल्या सेवकाकडून कळले. बाबा काठी टेकत उतारावरून तिथवर गेले होते. त्या सेवकाने त्यांना बसायला जागा करून दिली आणि सांगितले, ‘संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही येऊ शकते, तिकीट लागत नाही. थोडे थांबा.’ मी लगेच टूर मॅनेजरला फोन करून विनंती केली. उत्तर मिळाले की बस पावणेपाचला सुटणार, कोणासाठीही थांबणार नाही. समाध्यांजवळ फिरता आले नसते हे खरे, पण बाबा त्या वास्तूत जाऊन बसले तरी असते.

वेळ कमी का पडला, हेही लिहिते. सकाळी नऊला निघालेली बस वाटेत एका खरेदी केंद्रावर साडेतीन तास थांबली. कार्यक्रमात तिथे फक्त ‘चहापान’ असे लिहिले होते. आम्ही विंडसरला पोहोचलो तीन वाजता. सुरक्षा तपासणीची रांग संपवून आत शिरलो साडेतीनला. सुमारे १०७० साली विल्यम द कॉन्कररने उभारायला घेतलेला, आजही राजाचे निवासस्थान असलेला कॅसल आम्ही सव्वा तासात पाहावा, अशी आपली अपेक्षा होती.

त्या सव्वा तासात टिपू सुलतानाच्या सिंहासनावरचे सोन्याचे व्याघ्रमुख पाहायला मिळाले. स्फटिकाचे दात असलेले ते मुख १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांच्या हाती लागले. बाबा तिथे बोलायचे थांबले आणि नुसते पाहत राहिले. आमच्याबरोबरच्या दोन मुलांना ते त्याची गोष्ट सांगू लागले, तेवढ्यात ‘पुढे चला’ अशी हाक आली. १९९२ च्या आगीत ज्याचे छत जळाले आणि पाच वर्षांत ओकच्या लाकडात जे पुन्हा उभे राहिले, त्या सेंट जॉर्जेस हॉलमधून तर आम्ही जवळजवळ पळतच गेलो. राणी मेरीचे बाहुलीघर राहूनच गेले. आईने त्याबद्दल घरून निघताना वाचून ठेवले होते.

आणखी एक. बसमध्ये टूर मॅनेजर म्हणाले, ‘याच तिकिटावर वर्षभरात पुन्हा येता येते, काळजी करू नका.’ बाहेर पडताना विचारले तेव्हा कळले की ती सोय फक्त कॅसलकडून थेट घेतलेल्या तिकिटांना आहे, सहल कंपनीमार्फत घेतलेल्यांना नाही. दुसऱ्याच दिवशी स्वतः रेल्वेने पुन्हा जायचे मी मनात ठरवले होते. मग तेही राहिले.

माझ्या मागण्या अशा : विंडसरच्या दिवसाचा तिघांचा खर्च परत करावा. माहितीपत्रकात चॅपेल छापणार असाल, तर त्या सहलीचा वार रविवार ठेवू नये. ठेवावाच लागला, तर चॅपेल बंद असेल हे पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला लेखी कळवावे. खरेदीच्या थांब्याची खरी वेळ कार्यक्रमात छापावी. आपल्या पुढच्या तुकड्याही रविवारीच जाणार असल्याचे आपल्या वेळापत्रकात दिसते, त्यांना तरी आजच फोन करून सांगा.

बुकिंगची पावती, माहितीपत्रकाचे ते पान आणि आम्हाला दिलेला छापील कार्यक्रम सोबत जोडला आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते न मिळाल्यास मी ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.

बाबांनी मला हे पत्र लिहू नको असे सांगितले होते. ‘जाऊ दे, व्याघ्रमुख तर पाहिले,’ असे ते म्हणतात. मला मात्र ते जाऊ देता येत नाही.

आपली,
एक ग्राहक