गव्हाण अजून रिकामी आहे

प्रिय मित्रा,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुझं पत्र परवा मिळालं. लगेच उत्तर लिहायला बसलो होतो, पण सांगायचं ते चार ओळींत मावेना, म्हणून आज निवांत बसलोय. तुझी आई, आपल्या काकू, गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. तू लिहिलंयस की त्या होत्या तोवर संध्याकाळची प्रार्थना, शास्त्रवाचन, मुलांना एका जागी बसवणं, सगळं त्याच बघायच्या. आता दिवे लागतील, खरेदी होईल, पाहुणे येतील, पण ज्याचा जन्म साजरा करायचा त्याचं नाव कोण काढणार? हे वाचून पोटात कालवलं. कारण आमच्याकडे हेच होऊन गेलंय, आणि आमच्याकडे तर बाबा डोळ्यांसमोर बसलेले होते.

तुला हे कधी सांगितलं नाही. चार वर्षांपूर्वीचा नाताळ. सकाळी उपासना झाली, घरी आलो आणि मग दिवसभर माणसांची ये-जा. भेटवस्तू उघडल्या, फोटो काढले, जेवणं झाली, पुन्हा पाहुणे. लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, आमच्याकडे बाबा वाचतात, मी लहान होतो तेव्हापासून. त्या संध्याकाळीही ते बायबल मांडीवर घेऊन खुर्चीत बसले. चष्मा लावला, पान काढून ठेवलं. मी येता-जाता दोनदा "आलोच बाबा" म्हणालो. रात्रीचे दहा वाजले असतील, मुलं बसल्या जागी पेंगायला लागली. बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि डबीत ठेवला. डबी मिटल्याचा 'टक' आवाज मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. "राहू दे, पोरं दमलीत," एवढंच म्हणाले आणि उठून झोपायला गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वाचन करायचं नाही असं कोणीच ठरवलं नव्हतं. विरोध कोणाचाच नव्हता. फक्त दिवसभरात त्याला जागा मिळाली नाही. मग मीच एकटा उठून तो अध्याय काढला आणि सातव्या वचनाशी अडकलो. मरीयेने बाळाला गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत त्यांना जागा नव्हती.

आपण लहानपणी नाटुकल्यात उर्मट उतारशाळेवाला केलाय ना, जो दार आपटतो? लूकमध्ये असा माणूसच नाही. मूळ ग्रीक शब्द आहे 'कटालुमा'. पुढे बाविसाव्या अध्यायात येशू शिष्यांबरोबर वल्हांडणाचं भोजन जिथे करतो, त्या घरातल्या खोलीलाही लूक हाच शब्द वापरतो. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात जखमी माणसाला नेतात ती पैसे देऊन राहण्याची उतारशाळा, तिच्यासाठी त्याने वेगळाच शब्द घातलाय. म्हणून बरेच अभ्यासक म्हणतात की ही जागा म्हणजे एखाद्या घरातली पाहुण्यांची खोली असावी. नावनिशीसाठी, म्हणजे शिरगणतीसाठी, आलेल्यांनी बेथलेहेम गजबजलेलं, घर भरलेलं, आणि बाळाला जागा उरली ती गुरांच्या गव्हाणीत. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो. दार कोणी आपटलं नाही, घर फक्त आधीच भरलेलं होतं. आमचंही त्या दिवशी तसंच भरलेलं होतं.

त्यानंतर आम्ही जे केलं ते सांगतो. त्यातलं सगळं जमलं असं नाही.

पहिली गोष्ट गव्हाणीची. पूर्वी गोठा मांडला की आम्ही सगळ्या मूर्ती एकदमच ठेवायचो. आता बाळ ठेवत नाही. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी गोठा मांडतो, मरीया, योसेफ, बैल, गाढव ठेवतो आणि गव्हाण रिकामी. बाळ कापडात गुंडाळून बाबांच्या खणात राहतं, ते 24 च्या रात्रीपर्यंत. धाकटी पहिल्या वर्षी रोज खण उघडून बघून यायची आणि विचारायची, "अजून किती दिवस?" तिच्या तोंडी तो प्रश्न ऐकला तेव्हा मला आगमनकाळ म्हणजे काय ते कळलं. आपण नोव्हेंबरपासून इतकं सगळं भरून टाकतो की मुलांना वाट बघायला काही उरतच नाही. आणि यशया, मीखा हे संदेष्टे, मंदिरात बाळाला भेटलेले शिमोन आणि हन्ना, या सगळ्यांनी दुसरं काय केलं होतं? शिमोन तर वाटच बघत होता आणि बाळाला हातात घेऊन म्हणाला, प्रभो, आता मला शांतीने जाऊ दे.

तुला असिसीच्या फ्रान्सिसची गोष्ट माहीत असेल. 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात त्याने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली, तीत गवत घातलं, खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं आणि तिथेच उपासना झाली. बाळ आपल्यासाठी किती गैरसोयीत जन्मलं ते लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. बैल-गाढव लूकमध्ये नाहीत, ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आलेत: बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाचं ठाणं कळतं, पण माझ्या लोकांना कळत नाही. हे मुलांना सांगितल्यापासून गोठ्यातलं गाढव त्यांच्या लेखी शोभेचं राहिलेलं नाही.

रिकाम्या गव्हाणीत गवताच्या काड्या टाकायची पद्धत कुठेतरी वाचली होती. एक चांगलं काम, एक काडी, म्हणजे बाळाला मऊ बिछाना होतो. तीही आम्ही धरली, पण ती फसली. आठवड्याभरात मुलांनी काड्या मोजायला सुरुवात केली. "माझ्या नऊ, तुझ्या पाच." एक दिवस थोरल्याने बहिणीची काडी उचलून बाहेर टाकली आणि रडारड झाली. मला फार वाईट वाटलं, कारण कृपेच्या सणात आम्हीच हिशेबाची वही उघडून दिली होती. ज्याला आपण काहीही न कमावता मिळवलं, त्याच्या बिछान्यासाठी कमाई कसली? आता काडी टाकायची ती दुसऱ्या कोणासाठी तरी प्रार्थना करून. कोणासाठी हे सांगायचं असेल तर सांगायचं, नसेल तर नाही. तेव्हापासून मोजणं थांबलं.

वाचनासाठी एक सोपी वाट सापडली. लूकचे अध्याय बरोबर 24 आहेत. 1 डिसेंबरला पहिला, रोज एक, आणि 24 ला शेवटचा. सुरुवातीला मलाच शंका होती की नाताळाच्या तोंडावर वधस्तंभ आणि पुनरुत्थान वाचून काय होणार. पण गेल्या वर्षी ते वाचून झालं, अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे भाकर मोडताना प्रभूला ओळखतात तिथपर्यंत आलो, बाळ खणातून बाहेर काढलं, आणि थोरला एकदम म्हणाला, "म्हणजे हे तेच." एवढंच म्हणाला. मी काही समजावून सांगितलं नाही. रोज एवढं ऐकायला लहान मुलं कंटाळतात, हे खरं. लांब अध्याय आम्ही अर्धाच वाचतो. एखादा दिवस चुकतो, दुसऱ्या दिवशी पुढे जातो.

आता तुझ्या घरासाठी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते लिहितो. मागच्या नाताळांकडे वळून बघितलं तेव्हा लक्षात आलं की आमचं वाचन व्हायचं त्या वर्षांतही तुझी वहिनी बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच असायची. आम्ही गाणी म्हणायचो आणि आतून भांड्यांचा आवाज यायचा. तिला मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "लग्नापासून हा अध्याय मी दाराआडूनच ऐकलाय." मित्रा, हे ऐकून मान खाली गेली. कामाच्या धांदलीत असलेल्या मार्थेला प्रभूने नावाने हाक मारून सांगितलं की पायाशी बसून ऐकणाऱ्या तिच्या बहिणीने चांगला वाटा निवडलाय, आणि आम्ही त्याच्याच वाढदिवशी घरातल्या एका माणसाला बसूच दिलं नाही. आता जेवणातले पदार्थ कमी केलेत आणि कामं वाटून घेतलीत. ती येऊन बसेपर्यंत बाबा पुस्तक उघडत नाहीत. काकू हे सगळं एकटीने कसं करायच्या, आणि कोणाला न सांगता किती करायच्या, याचा तूही विचार कर. त्यांची जागा तुझ्या बायकोवर आपोआप ढकलली जाऊ नये, एवढं बघ.

भेटवस्तूंबद्दल माझं मत फार कडक नाही. मुलांना आनंद होतो, होऊ दे. फक्त उपासना आणि वाचन झाल्याशिवाय एकही गाठ सोडायची नाही, एवढा एक नियम. सांताबाबत विचारलंयस. मी मुलांना खोटं सांगत नाही. ज्याच्यावरून सांता आला त्या चौथ्या शतकातल्या मायरा शहराच्या निकोलस नावाच्या बिशपची गोष्ट सांगतो, जो गरिबांना गुपचूप मदत करायचा म्हणून लोकांनी लक्षात ठेवला. मागी लोक, म्हणजे बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, आमच्याकडे घराच्या दुसऱ्या टोकाच्या फळीवरून निघतात आणि रोज थोडे पुढे सरकत 6 जानेवारीला गोठ्याशी पोचतात. मत्तय सांगतो की ते घरात आले आणि बाळाला त्याच्या आईजवळ पाहिलं. ते तिघेच होते असं कुठे लिहिलेलं नाही, हे धाकटी आता सगळ्यांना ऐकवते.

तुझा थोरला विचारतो ना, 25 डिसेंबर बायबलमध्ये कुठे आहे? त्याला रागावू नकोस. खरं ते सांग: कुठेच नाही. रोममध्ये 336 साली हा सण या दिवशी पाळला जात होता अशी नोंद मिळते. आर्मेनियन मंडळी आजही ख्रिस्तजन्म 6 जानेवारीला साजरा करते, आणि जुन्या पंचांगाने चालणाऱ्या काही ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा नाताळ 7 जानेवारीला येतो. तारीख मंडळीने ठरवली, पण जन्म खरा झाला. त्याच्या वयाला एवढं सरळ उत्तर पुरतं, आणि आपण त्याच्यापासून काही लपवत नाही हे त्याला कळतं.

पाहुण्यांसमोर प्रार्थना करताना संकोच वाटतो असं लिहिलंयस, विशेषतः ज्यांना यात गोडी नाही त्यांच्यासमोर. मला वाटतं, जेवणाआधी उभं राहून दोन मिनिटं प्रार्थना करावी. लांबवू नये, आणि कोणाला ऐकू जावं म्हणून तिच्यात उपदेश घालू नये. ज्याला डोळे मिटायचे नाहीत त्याने नुसतं उभं राहावं. आजवर कोणी वाईट वाटून घेतलेलं मला आठवत नाही. उलट एका नातलगाने जाताना हळूच विचारलं, "माझ्या मुलीसाठी पण करशील का?"

आणि काकू. हे शेवटी लिहितोय, कारण हात धजत नव्हता. यंदा सण करावा की नको, हसावं की नको, असं तुला वाटत असेल. मागी लोक येतात त्याच मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात हेरोद राजाने मारलेल्या बाळांसाठी बेथलेहेमच्या आया रडतात, जुन्या करारातली राहेल आपल्या मुलांसाठी शोक करते आणि सांत्वन करून घेत नाही. मंडळी 28 डिसेंबरला त्या बाळांची आठवण करते, नाताळाच्या आठवड्यातच. तेव्हा रडू आलं तर सण बिघडला असं समजू नकोस. मुलांसमोर रडलास तरी चालेल. त्यांनाही आजीची आठवण येत असणार आणि ती तुझ्यापासून लपवत असतील.

काकूंचं बायबल कुठे आहे? तेच घे. त्यांनी पेन्सिलने केलेल्या खुणा असतील त्यात, मी पाहिल्यात. सगळ्यांना वाचनाला कोणी हाक मारायची म्हणून विचारलंस ना, तू मार. आवाज कापेल, कापू दे. बाबांना आता बारीक अक्षर दिसत नाही. गेल्या वर्षी धाकटी त्यांच्या खांद्याला टेकून ओळींवर बोट फिरवत होती आणि मध्येच थबकली, कारण बाबांचं पान उलटायचं राहिलं होतं आणि ते पुढचं वाचत होते. पुस्तक फक्त हातात होतं, सगळं पाठ होतं. ती काही बोलली नाही, हळूच पान उलटून दिलं. यंदा पहिली सात वचनं ती वाचणार आहे. 'क्विरीनिय' या त्या वेळच्या सुभेदाराच्या नावाशी रोज अडखळते आणि बाबा रोज म्हणून दाखवतात.

येत्या रविवारी आगमनकाळ सुरू होतोय. गोठ्याचं खोकं काल माळ्यावरून काढलं. पहिली काडी कोणाच्या नावाने टाकायची म्हणून धाकटीने विचारलं. मी तुझ्या घराचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "ज्या काकांची आई गेली ते?" आणि काडी आजपासूनच वेगळी काढून ठेवली आहे.

मुलांना पापे, वहिनींना सलाम. वाचन कसं झालं ते सविस्तर लिही, नाही जमलं तरी लिही.

तुझाच मित्र