घराणे एक, पक्ष वेगळे

महोदय,

राज्याच्या विधिमंडळात तब्बल ६४ वर्षे! अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे फ्रेड रिसर १९५७ मध्ये असेंब्लीत (राज्याच्या कनिष्ठ सभागृहात) आले, १९६२ मध्ये राज्याच्याच वरिष्ठ सभागृहात सिनेटर झाले आणि २०२१ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, स्वतःहून बाजूला झाले. घराणेशाही म्हणावी, तर पणजोबा, आजोबा, वडील सगळेच विधिमंडळात! पण आजोबा रिपब्लिकन, वडील प्रोग्रेसिव्ह आणि हे डेमोक्रॅट. (आपल्याकडे एकाच माणसाचे इतके पक्ष होतात.) बारमालकांच्या विरोधाला न जुमानता त्यांनी धूम्रपानबंदीचा कायदा रेटला, २०१० मध्ये तिथल्या बारमधूनही सिगारेटी हद्दपार झाल्या. एवढे सगळे मान्य. तरी इतक्या वर्षांत त्यांना निवडून देणाऱ्या मॅडिसन शहराला दुसरा माणूसच मिळू नये?

– एक वाचक, सातारा