मधल्या मराठी चित्रपटांचा पत्ता प्रेक्षकाला मिळू द्या

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सविनय नमस्कार.

साहेब, 'सैराट' किंवा 'बाईपण भारी देवा' कुणाला शोधत बसावे लागले नाहीत. 'श्वास' आणि 'कोर्ट' यांची नोंद पुरस्कारांच्या यादीत कायमची झाली. हे पत्र या दोन्हींच्या मधल्या चित्रपटांसाठी आहे. घरच्या सगळ्यांनी मिळून दोन-अडीच तास मजेत घालवावेत, एवढ्यासाठीच ते केले गेले, आणि त्यांतले बरेचसे अगदी कसून केले गेले.

'बिनधास्त' घ्या. चंद्रकांत कुलकर्णींचा १९९९चा रहस्यपट. पडद्यावर जवळजवळ सगळ्या बायकाच. दोन जिवलग मैत्रिणी, एक खून, आणि विश्वास कुणावर ठेवावा ते शेवटपर्यंत कळू न देणारी पटकथा. प्रियदर्शनना तो तमिळमध्ये पुन्हा करावासा वाटला. आज कॉलेजातल्या मुलांना विचारा, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं. 'एक डाव भुताचा' (१९८२) मध्ये अशोक सराफ भूत आहेत आणि दिलीप प्रभावळकर भिडस्त मास्तर. लहान मुलांना दाखवून बघा, पोट धरून हसतात. 'चेकमेट' (२००८), 'पुणे ५२' (२०१३)... पुण्यातला खासगी गुप्तहेर आपल्या पडद्यावर असा कितीदा आला?

नेटवर यांतला एखादा सापडलाच, तर प्रत अशी असते: चार तुकड्यांत कापलेली, गाणी उडवलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी शिक्का, रात्रीचे प्रसंग इतके काळे की गोष्ट नुसत्या आवाजावरून समजून घ्यायची. रहस्यपटाचा शेवटचा तुकडाच नसला तर माणसाने काय करावं? उपशीर्षकं नाहीतच. बंगळुरूत वाढलेल्या नातवाला किंवा घरात आलेल्या पंजाबी सुनेला सोबत बसवावं म्हटलं, तर सोय नाही.

२०१५ मध्ये सरकारने मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइम मिळवून दिला. चांगलंच केलं. पण त्याने फार तर पहिला आठवडा निभावतो. शुक्रवारी लागलेला चित्रपट सोमवारी सकाळच्या एका खेळावर येतो, आणि तो चांगला आहे ही बातमी तोंडोतोंडी पसरेपर्यंत उतरलेला असतो.

अनुदानासाठी आपल्या विभागाची समिती चित्रपट बघते, गुण देते, दर्जा ठरवते. मराठीत काय काय बनलं, याची इतकी माहिती दुसऱ्या कुणाकडे असणार? ती प्रेक्षकाच्या कामी येईल अशा रूपात बाहेर आणा. चित्रपटाचा प्रकार, लांबी, दोन ओळींत गोष्ट, आणि मुख्य म्हणजे तो आज अधिकृतपणे कुठे बघता येईल ते. या यादीत पुरस्कारांचा निकष नको. भुताचे, खुनाच्या तपासाचे, आजीसोबत बघता येण्यासारखे अशी वर्गवारी हवी, कारण रविवारी दुपारी माणूस तसाच शोधतो. जत्रेत तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. पोस्टर बघूनच लोक कुठल्या तंबूत शिरायचं ते ठरवत.

यापुढे अनुदान देताना उपशीर्षकांसह उत्तम प्रत शासनाकडे जमा करण्याची अट घाला. निर्मात्याला मोबदला देऊन तो चित्रपट सह्याद्री वाहिनीवर आणि तालुक्याच्या नाट्यगृहांत पुन्हा पुन्हा दाखवा. नगरपालिकांची कितीतरी नाट्यगृहं आठवड्यातले बरेच दिवस कुलूपबंदच असतात.

जुन्या चित्रपटांचं काम जास्त अवघड आणि जास्त निकडीचं आहे. कित्येक निर्माते एका चित्रपटानंतर थांबले, काही आता हयात नाहीत. हक्क वारसांमध्ये विभागले गेलेत, निगेटिव्ह कुठल्या कपाटात आहे हे घरच्यांनाही माहीत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला सोबत घेऊन पन्नास चित्रपटांपासून सुरुवात करा, आणि त्यासाठीची तरतूद येत्या अर्थसंकल्पातच करा, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक मराठी प्रेक्षक, सातारा