चि. निखिलला: कॅलरी कुठे मोजायच्या आणि कुठे नाही

मुलुंड (पूर्व), मुंबई

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तुझा आणि ताईचा वाद मिटत नाही, कारण तुम्ही दोघं दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताय. तू म्हणतोस, दिवसाच्या कॅलरी हिशेबात बसल्या की झालं, मग काय खाल्लं याने काय फरक पडतो? ती म्हणते, घरचं खा, मोजायची गरजच नाही. माझं मत आधीच सांगते. वजन उतरणार की चढणार हे कॅलरी ठरवतात. पण कॅलरी कमी ठेवणं तुला चार-सहा महिने झेपेल की तिसऱ्या आठवड्यात सोडून देशील, हे ताटात काय आहे यावर ठरतं. त्यामुळे थोडं मोजायचं, पण सगळं नाही. कुठे मोजायचं ते या पत्रात लिहिते.

तुझी बाजू खरी आहे, यात शंका नाही. 2010 साली अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठातले पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी दहा आठवडे मुख्यतः पाकिटातले क्रीमचे केक, चिप्स आणि असलेच पदार्थ खाल्ले, जोडीला प्रोटीन शेक आणि थोडी भाजी. दिवसाचा आकडा 1800 कॅलरींच्या आसपास ठेवला. वजन साधारण 12 किलो उतरलं. पण हा माणूस याच विषयात मुरलेला, प्रत्येक घास मोजणारा, आणि मुदत ठरलेली. तुला मुदत नाही. तुला लोकलमधून उतरून, दमून, भुकेल्या पोटी हे रोज करायचंय.

ताईच्या बाजूचा पुरावा त्याहून मोलाचा आहे. केव्हिन हॉल यांचा 2019 चा प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झाला. 20 जणांना तिथेच ठेवून दोन आठवडे कारखान्यात प्रक्रिया झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, कमी प्रक्रियेचं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणातल्या कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखंच. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. पाकिटातल्या खाण्यावर माणसं दिवसाला जवळजवळ 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत सुमारे 0.9 किलोने वाढली. साध्या जेवणावर तेवढीच उतरली. कुणी मोजत नव्हतं. मऊ, कोरडं, चटकन गिळता येणारं अन्न माणूस भराभर खातो आणि पोट भरल्याचं कळेपर्यंत बरंच आत गेलेलं असतं. तुझ्या डेस्कच्या खणातली क्रीमची बिस्किटं, वेफर, कपातले नूडल्स याच जातीचे आहेत.

पण ताईचं 'घरचं' म्हणजे आपोआप हलकं, हे मला मान्य नाही. उपासाची साबुदाण्याची खिचडी घे. 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा 210 कॅलरी, 25 ग्रॅम दाण्याचं कूट 140, मोठा चमचा तूप 120, अर्धा बटाटा 40. एक बशी 510 कॅलरींची, साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, आणि प्रथिनं येतात ती फक्त दाण्यांतून. दोन तासांत पुन्हा भूक. घरचा चिवडा, शंकरपाळे, चकल्या 100 ग्रॅमला सहज 500 च्या घरात जातात. उलट बटाट्याला सगळे उगाच नावं ठेवतात. सिडनी विद्यापीठात 1995 साली सुझॅना होल्ट यांनी 38 पदार्थ सारख्याच कॅलरींच्या मापाने लोकांना देऊन कशाने किती पोट भरतं ते तपासलं. पांढऱ्या पावाला 100 धरलं तर उकडलेला बटाटा 323 वर, सगळ्यांत वर होता. वडापावात तोच बटाटा बेसनात बुडून तळला जातो आणि पावात बसतो, तिथे गणित फिरतं.

आता तुझ्या कॅलरी मोजायच्या अ‍ॅपबद्दल. 1643 असा आकडा दिसला की तो अचूक वाटतो, पण त्यातला शेवटचा शंभरही भरवशाचा नाही. चुका कुठे होतात ते बघ.

भात: 100 ग्रॅम कोरडा तांदूळ 350 कॅलरी, शिजवलेला भात 130 च्या आसपास. ताटातला 200 ग्रॅम भात वजन करून तू 'तांदूळ' अशी नोंद निवडलीस तर 260 चे 700 होतात. उलटंही होतं, आणि ते जास्त महागात पडतं. डाळी-उसळींना हाच नियम: एक तर नेहमी कोरडं मोज, नाही तर नेहमी शिजलेलं, मिसळू नकोस.

पोळी: अ‍ॅपमधली एक पोळी म्हणजे 100 कॅलरी. ती 45 ग्रॅमच्या लाटीची असते, आत 28-30 ग्रॅम पीठ. तुमच्या स्वयंपाकाच्या मावशी 60 ग्रॅमची लाटी घेऊन आत तेल लावून घडीची करत असतील तर एक पोळी 170 ला जाते. दिवसाला चार पोळ्या म्हणजे 280 कॅलरी कुठेच लिहिल्या गेल्या नाहीत. एकदाच चार लाट्या काट्यावर ठेव आणि आकडा कायमचा लिहून ठेव.

आणि बदाम-दाण्यांसारख्या गोष्टींत तर छापलेला आकडाच खऱ्यापेक्षा जास्त असतो. अख्ख्या बदामातली चरबी पेशींच्या भिंतींत अडकून राहते, नीट पचत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 मध्ये मोजलं तेव्हा 28 ग्रॅम बदामांतून 170 ऐवजी 129 कॅलरीच मिळत होत्या. कुटून, दळून लोणी केलं की हा फायदा बराच कमी होतो.

शिवाय माणूस कमीच लिहितो. 1992 मधल्या एका नावाजलेल्या अभ्यासात 'आम्ही कमी खाऊनही वजन उतरत नाही' असं म्हणणाऱ्यांनी लिहिलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी निघालं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. चहा, चमचाभर चव, मित्राच्या बशीतली चार भजी लक्षातच राहत नाहीत.

म्हणून दोन आठवडे फक्त चार गोष्टी काटेकोर मोज: तेल-तूप, साखर, कूट-खोबरं-सुकामेवा, आणि पोळी-भात. पालेभाजी, काकडी, टोमॅटो, दुधी मोजण्यात वेळ घालवू नकोस. 100 ग्रॅम दुधीत 15-20 कॅलरी असतात, चुकून दुप्पट खाल्लास तरी काही बिघडत नाही.

तेलाचं सविस्तर लिहिते, कारण खरी चोरी तिथेच आहे. फोडणी मावशी घालणार, तू ऑफिसात, मग चमचा कसा मोजणार? पिशवी मोज. एक लिटरच्या पिशवीत साधारण 910 ग्रॅम तेल असतं, म्हणजे जवळपास 8200 कॅलरी. (पिशवीवरचे ग्रॅम वाच, हल्ली जरा लहान पिशव्याही मिळतात.) पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावरच पेनाने लिही. तुम्ही तिघं आहात. महिन्याला चार लिटर लागत असेल तर माणशी रोज 44 मिली, म्हणजे 360 कॅलरी. ते दोन लिटरवर आणलंस तर बाकी काहीही न बदलता रोजचे 180 गेले. तळण ज्या आठवड्यात झालं तो हिशेबात धरू नकोस, उरलेलं तेल गोंधळ करतं.

एकदम तेल तोडलं की भाजी बिघडते आणि मावशी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पहिल्यासारखं घालतात. कांदा करपतो हे त्याचं कारण. त्यांना पळीऐवजी 5 मिलीचा मोजचमचा आणून दे, एका चमच्यात 40 कॅलरी, तिघांच्या भाजीला चार चमचे पुरतात. जाड बुडाची कढई चांगली तापू द्यायची, मोहरी तडतडली की कांदा, तो धरायला लागला की पाण्याचा हबका आणि झाकण. वाटणाचा कांदा-खोबरं कोरडंच भाजायचं. वांगं मात्र तेल पितं, त्याची भाजी करायची तर आधी वाफवून घ्यायची, नाही तर भरीत. हे सगळं त्यांना अधिकाराने सांगू नकोस, एक दिवस शेजारी उभं राहून करून बघ.

चहाचंही बघ. फुल क्रीम दुधाच्या एका कटिंगमध्ये दूध 40 आणि दीड चमचा साखर 25, मिळून 65. ऑफिसात चार झाले तर 260. दोन कर, किंवा साखर अर्धी कर. तीन आठवड्यांत जीभ बदलते.

आता ताट. तुझं वजन 78, उंची 170 सेंमी, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 27. भारतीयांसाठी 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, आणि पुरुषाची कंबर 90 सेंमीच्या आत हवी. बैठं काम धरून तुला आहे त्या वजनाला 2300 च्या आसपास लागतात. 1900 वर राहा. तू ठरवलेले 1200 मला अजिबात मान्य नाहीत. त्यावर चरबीबरोबर स्नायूही जातात, रात्री अकराला फ्रिज उघडला जातो, आणि सुटलं की सगळं परत येतं. आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरलं तर पुरे.

प्रथिनं आधी ठरव, बाकीचं ताट त्याच्याभोवती लाव. प्रथिनांच्या कॅलरींपैकी 20 ते 30 टक्के पचवण्यातच खर्च होतात, पिठुळ पदार्थांच्या 5 ते 10, तेल-तुपाच्या जेमतेम 3. शिवाय भूक दाबून धरण्यात प्रथिनांचा हात कुणी धरत नाही. तुला दिवसाला 75-80 ग्रॅम हवीत. दोन अंडी 12, 40 ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ 9, वाटीभर घट्ट वरण 6, 200 ग्रॅम दही 7, चार पोळ्या 13, मूठभर फुटाणे 6, आणि रात्री बांगड्याचे 120 ग्रॅमचे तुकडे 24. जमतात की नाही? बांगडा कालवणात घाल किंवा तव्यावर एक चमचा तेलात. रव्यात घोळवून भरपूर तेलात तळलेले बोंबील महिन्यातून एकदा. मासे नसतील त्या दिवशी पनीर किंवा आणखी दोन अंडी. वरणाबाबत एक लक्षात ठेव: पातळ आमटीच्या वाटीत 10-12 ग्रॅम डाळ असते, ती प्रथिनांत धरू नकोस.

सकाळी नुसते कांदेपोहे खाऊन निघालास तर 11 ला बिस्किटांचा खण उघडणारच. 50 ग्रॅम पोह्यांत साडेतीन ग्रॅम प्रथिनं. पोहे सोडू नकोस, 30-35 ग्रॅम घे, भरपूर कांदा-मटार घाल आणि जोडीला दोन उकडलेली अंडी.

तुझा खरा घसरणीचा वेळ संध्याकाळी सहा ते साडेआठ. दीडला डबा संपतो, जेवण साडेनऊला. आठ तास उपाशी माणूस लोअर परळहून कांजूरमार्गला पोहोचेपर्यंत वडापाव, समोसा, शेवपुरी यांच्यासमोरून चालतो. तिथे निग्रहावर भिस्त ठेवू नकोस. साडेपाचला ऑफिसातच 30 ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू खा, 170-180 कॅलरी होतील. वडापाव खायचा तर आठवड्यातून एकदा ठरवून, उभा राहून चवीने खा आणि 300 धर. रात्रीची एक पोळी आणि भात त्या दिवशी वगळ.

वजन रोज सकाळी, शौचानंतर, काही खाण्यापिण्याआधी. पण आठवड्याची सरासरीच बघ. शरीर साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर) तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, आणि पापड-लोणचं, चायनीज झालं की मिठामुळे आणखी. रविवारी बिर्याणी खाऊन सोमवारी दीड किलो वाढलेलं दिसतं ते बहुतेक पाणी. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतं तेही पाणीच, त्याने हुरळू नकोस. कंबर पंधरवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून मोज.

सरासरी तीन आठवडे हलली नाही तर खाणं आणखी कमी करण्याआधी शनिवार-रविवार तपास. सोमवार ते शुक्रवार रोज 400 कमी खाल्लेस तर 2000 वाचले. शनिवारी 650 मिली बिअर 270, सोबत तळलेलं 400, रविवारी मटणावरचा तवंग, तीन जादा पोळ्या आणि श्रीखंड. एवढ्यात ते दोन हजार परत भरतात, आणि तू म्हणतोस माझं शरीरच वेगळं आहे. रविवारचं मटण बंद करू नकोस. तवंग काढ, चार तुकडे आणि रस्सा घे, पोळी किंवा भात यांतलं एकच, श्रीखंड दोन चमचे. बिअर असेल तर तळलेलं नको, दोन्हींतलं एक.

दोन आठवड्यांनंतर अ‍ॅप बंद कर. तोवर हाताला माप कळलेलं असेल. पुढे फक्त पिशवीवरची तारीख आणि सकाळचं वजन चालू ठेव. तेलाची पहिली पिशवी किती दिवस पुरली ते मला कळव, म्हणजे 1900 चा आकडा वर न्यायचा की खाली ते ठरवता येईल.

तुझी,
आई