बाबांना, स्टुटगार्टहून

ती. बाबा (आई, तू पण शेजारी बसून वाच),
सा. न.

काल कॉलवर छोटूचा विषय काढला तर तुम्ही "उगाच डोक्यावर चढवू नका त्याला" म्हणून फोन आईच्या हातात दिलात, म्हणून लिहितोय, हे तरी मधेच कट करता येणार नाही.

आईने सगळं सांगितलंय मला. बिल्डिंगची पाण्याची मोटर रात्री बंद पडली, इलेक्ट्रिशियन फोन उचलेना, आणि आपल्या छोटूने खाली जाऊन स्टार्टर उघडला, आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला करंट जोडणारा स्विच, जळालाय हे शोधलं, सकाळी लोहार चाळीतून नवीन आणून बसवला आणि दुपारपर्यंत टाक्या भरायला लागल्या. तुम्ही हे गॅलरीत उभं राहून खालच्या काकांना रंगवून सांगितलंत, मामाला सांगितलंत, दूधवाल्याला पण सोडलं नाहीत. आणि छोटू घरात आल्यावर त्याला काय म्हणालात, तर "हात धुतलेस का". अहो बाबा, जगाला सांगता ते त्याला पण सांगा की!

आता तुम्ही आचरेकर सरांचं काढणार. पाठ आहे मला ते, सरांनी सचिनला कधी 'वेल प्लेड' म्हटलं नाही म्हणून तो सचिन झाला वगैरे. पण सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो आउट करेल त्याचं, नाही झाला आउट तर सचिनचं, अशी १३ नाणी त्याने जपून ठेवलीत. शिवाय मॅच मिळावी म्हणून त्याला स्कूटरवर घालून शिवाजी पार्कवरून आझाद मैदानात न्यायचे, एवढं कोण करतं कोणासाठी? तोंडाने बोलले नाहीत तरी पोराला कळत होतं की हा माणूस आपल्यामागे उभा आहे. आणि तरीसुद्धा २०१३ ला वानखेडेवर, २०० टेस्ट आणि १०० सेंच्युऱ्या झाल्यावर, चाळीस वर्षांचा माणूस माइक हातात घेऊन म्हणतोय की सर, आता माझ्या मॅच संपल्या, आता 'वेल डन' म्हणायला हरकत नाही. हसत हसतच म्हणाला, पण म्हणाला ना.

इथली माणसं पण तुमच्याच वळणाची. ओरडलो नाही म्हणजे कौतुकच समज, अशी ह्यांच्यात म्हणच आहे. (मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटी आहेत, बहुतेक बापांचे स्वभाव बघून जोडी लावली असणार.) आमच्याकडचा म्हातारा मास्टर तसाच, कधी हसणार नाही. एकदा टेबलापाशी थांबला आणि म्हणाला, तू ड्रॉइंगमधे सगळ्या होलची मापं एकाच कडेपासून दिलीस, खाली शॉपमधल्या पोरांना हिशोब करत बसावं लागलं नाही. बस, एवढं बोलून कॉफी घ्यायला गेला. 'गुड जॉब' तर रोज मेलमधे येतं, ते कोण वाचतं! ह्याने काम नीट बघितलं होतं. मी अजून मापं तशीच देतो.

आणि आई, तुझं ते "माझं बाळ किती हुशार" पण नको. म्युलर आणि ड्वेक ह्या दोघी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मधे अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले होते, कोडी सोडवल्यावर काहींना म्हटलं हुशार आहेस, काहींना म्हटलं मेहनत घेतलीस. हुशारवाली पुढे सोपंच मागायला लागली आणि अवघड आलं की ढेपाळली, मेहनतवाल्यांनी अवघड मागितलं. म्हणजे बाबा, तुमची भीती अगदीच खोटी नाही, पण ती नुसतं चढवण्याबद्दल.

त्यामुळे भाषण वगैरे नको. संध्याकाळी चहाला बसला की विचारा, कॉन्टॅक्टर जळालाय हे तुला कळलं कसं रे, आणि तो सांगेल ते पूर्ण ऐका, टीव्हीचा आवाज न वाढवता. पुढच्या महिन्यात त्याची वायरमनची परीक्षा आहे, त्याच्या आधी झालं तर बरं.

गोडा मसाला संपत आलाय, मामा डिसेंबरमधे इकडे येतोय त्याच्याबरोबर पाठवा, डबल पिशवीत.

तुमचा,
मोठा